निळं म्हणजे वाचायचं राहिलं

आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही. पिंपळाखाली बाई दिसली, मागून कोणी हाक मारली, असलं काही यात नाही.

जे झालं ते भर दुपारी झालं. गेल्या वर्षी, मार्च संपता संपता. रत्नागिरीत, माळनाक्यावरच्या माझ्या ऑफिसात. दोन ते अडीचच्या दरम्यान, म्हणजे आमच्याकडे दुकानांची शटरं खाली असतात आणि रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही त्या वेळी.

आणि ते खरं आहे. तुम्ही विश्वास ठेवला नाहीत तरी माझं काही बिघडत नाही. उलट नाही ठेवलात तर मला जरा बरंच वाटेल.

नावंही बदललेली नाहीत. ज्यांची आहेत, त्यांच्यातलं कोणी असली भुताखेतांच्या गोष्टींची पेजं वाचत नाही.

मी सुजय. वेबसाइट बनवतो. त्यातही माझं खूळ म्हणजे जुन्या वळणाच्या वेबसाइट. पंचवीस वर्षांपूर्वी असायच्या तशा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, वर सरकणारी पट्टी, कोपऱ्यात गरगर फिरणारा गणपती. सध्या पुण्या-मुंबईच्या लोकांना याचं वेड लागलंय, आणि त्या वेडावर माझं घर चालतं.

मी नुसता जुना रंग फासून देत नाही. जुन्या कॉम्प्युटरवर, जुन्या ब्राउझरमध्ये साइट चालवून बघतो, मगच देतो. त्यासाठी ऑफिसात सहा जुनी मशिनं ठेवली आहेत. आई त्यांना भंगार म्हणते.

वेदिका माझी मावसबहीण. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, लग्नाची साइट कर. पण बाबांच्या साइटसारखी."



तिचे बाबा, म्हणजे महेंद्रकाका, मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला होते. घर पूर्णगडला. २००३ च्या सुट्टीत त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि पुस्तकात बघून बघून घराचं एक पान बनवलं. घराचा फोटो, ज्ञानेश्वरी मावशीची चार-चार ओळींची पत्रं, छोट्या वेदिकाचे फोटो. प्रत्येकाला एक लिंक. बोटीवर जाताना सगळं फ्लॉप्यांत भरून न्यायचे आणि तिथल्या कॉम्प्युटरवर बघायचे.

रोज दुपारी. जेवण झालं की.

आणि रोज एकच लिंक.

"सगळं एकाच दिवशी वाचलं तर उद्या काय वाचू?" असं म्हणायचे. क्रमही सोडायचे नाहीत. पहिली झाल्याशिवाय दुसरी नाही. मावशीला त्यांनी शिकवून ठेवलं होतं, "निळं म्हणजे वाचायचं राहिलं. जांभळं झालं म्हणजे वाचून झालं." जुन्या ब्राउझरमध्ये तसंच असतं. न उघडलेली लिंक निळी, एकदा उघडली की जांभळी.

सप्टेंबर २००४ मध्ये त्यांची बोट आफ्रिकेच्या बाजूला होती. काका दुपारचं जेवले. संध्याकाळच्या हजेरीला नव्हते.

एवढंच कळलं. काही महिन्यांनी त्यांची ट्रंक आली. काका आले नाहीत. शरीरही मिळालं नाही.

वेदिका तेव्हा चार वर्षांची होती.

वीस वर्षं मावशीने मंगळसूत्र काढलं नाही. काकांचे थोरले भाऊ राजारामकाका दरवर्षी म्हणायचे, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून टाकू, त्याला गती मिळेल आणि हिची सुटका होईल. मावशी दरवर्षी नाही म्हणायची. या वेळी मात्र लग्नाच्या याद्या करायला सगळे बसलेले असताना ती आपणहून बोलली. मी तिथे होतो.

"पोरीचं लगीन होऊ दे, भावोजी. लेकीच्या लग्नाला आल्याशिवाय हे ऱ्हायचे नाय. नाय आले… तर तुमी म्हणाल ते करीन."

लग्न एप्रिलच्या मध्यावर, मंगळवारी होतं. त्यानंतर बाराव्या दिवशी अमावास्या होती. राजारामकाकांनी तिथेच भटजींना फोन लावला. पत्रिकेत मावशीने 'कै.' लावू दिलं नाही. 'श्री. महेंद्र' असंच छापलं.

मी पूर्णगडहून काकांचा कॉम्प्युटर ऑफिसात आणला. खाऱ्या हवेने पत्रा पार गंजला होता. आतली धूळ काढली, दोन भाग बदलले, आणि आश्चर्य म्हणजे तो सुरू झाला. इंटरनेट त्याला जोडलं नव्हतंच. जोडायला त्याच्यात काही शिल्लकही नव्हतं. त्याच्यावर आजचं मराठी दिसत नाही, नुसते चौकोन येतात. म्हणून सगळा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केला. पाहुण्यांसाठी नेटवर वेगळी साइट होती. ही खास त्या मशिनची, वेदिकाच्या हौसेसाठी.

पानावर बावीस लिंका होत्या. २००४ ते २०२४, वेदिकाच्या प्रत्येक वर्षाची एक, म्हणजे एकवीस. शाळेचा पहिला दिवस, पडलेले दात, दहावीचा निकाल, सगळं. वेदिकाने फोटो दिले, मावशीने खाली दोन-दोन ओळी लिहून दिल्या.

बाविसावी लिंक: 'लग्नाला कसं यायचं'. हातखंब्याला हायवे सोडायचा, रत्नागिरी, भाट्ये, पावस, मग पूर्णगड. स्टॉपवर उतरून कोणालाही लग्नघर विचारा.

लग्नाला चोवीस दिवस होते त्या दुपारी मी हे सगळं मशिनवर चढवलं. पान उघडलं. सगळ्या लिंका निळ्या. छान दिसत होतं. मी कुलूप लावून घरी जेवायला गेलो.

परत आलो तर…

२००४ जांभळी होती.

माझ्याच हातून दाबली गेली असेल म्हटलं. कामात होतो, विसरलो.

दुसऱ्या दिवशी जेवून आलो तर २००५ जांभळी.

तिसऱ्या दिवशी २००६.

मी स्वतःवरच हसलो. इतक्या जुन्या मशिनला काहीही होऊ शकतं. माउस उघडला, आतला रबरी गोळा पुसला. मग दुसरा माउस लावला. मग माउसच काढून ठेवला.

२००९ जांभळी झाली.

ऑफिसची दुसरी चावी आईकडे असते. तिला विचारलं. ती म्हणाली, "मला काय वेड लागलंय तुझ्या भंगारात यायला?"

माझं जेवण जाईना. घरी ताटावर बसलो की डोळे घड्याळाकडे.  वेदिकाला सांगावं असं दहादा वाटलं आणि दहादा फोन खाली ठेवला. काय सांगणार होतो?

सोळाव्या दिवशी मी घरी गेलोच नाही. डबा मागवला. दार आतून लावलं. माउस आणि कीबोर्ड दोन्हींच्या वायरी मागून काढून टेबलावर ठेवल्या, आणि समोर खुर्ची टाकून बसलो.

दोन वाजले. खाली रस्त्यावर एक रिक्षा गेली. मग काहीच नाही.

दोन वाजून दहा मिनिटं. पंख्याचा आवाज. मशिनच्या आतली घरघर.

दोन वाजून बारा मिनिटं…

टक्.

तो आवाज मला चांगला माहीत आहे. जुन्या ब्राउझरमध्ये लिंक दाबली की होतो तो.

पान बदललं. २०१९ चं पान. वेदिकाच्या कॉलेजचं गॅदरिंग, मावशीची अबोली साडी नेसलेली. जुन्या मशिनवर फोटो वरून खाली हळूहळू उतरतो. आधी मागची भिंत आली. मग केसातला गजरा. कपाळ. डोळे. मग हसणं.

फोटो पूर्ण झाला. आणि तसाच थांबला.

मी हललो नाही. शेजारी एक खुर्ची होती, तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. मग बघितलं. रिकामी होती. पुन्हा बघितलं. रिकामीच.

चार मिनिटं गेली. मग पान खाली सरकायला लागलं. आपोआप, अगदी सावकाश, वाचणाऱ्याची नजर जावी तसं. खाली मावशीच्या दोन ओळी होत्या. 'तुमच्यासारखी हसते. सगळे म्हणतात.'

तिथे ते थांबलं.

आणि मग…

पान परत वर गेलं. फोटोपाशी.

कोणीतरी तो फोटो पुन्हा बघत होतं.

अकरा मिनिटांनी दुसऱ्यांदा टक् झालं. यादी परत आली. २०१९ जांभळी झाली होती.

डब्यातलं जेवण मी बाहेर नेऊन टाकलं. हात धुतले. पुन्हा धुतले. खाली जाऊन उन्हात उभा राहिलो, कारण मला माणसं बघायची होती आणि माणसंच नव्हती.

आता जे सांगतो ते मला सांगायचं नव्हतं. पण त्याच्यासाठीच हे लिहायला बसलोय.

मला भीती वाटली हे खरं. पण त्याहून मोठी भीती दुसऱ्या दिवसाची होती. दुसऱ्या दिवशी मावशी साइट बघायला येणार होती. निळं म्हणजे काय आणि जांभळं म्हणजे काय, हे तिला पाठ होतं. तिने सोळा जांभळ्या लिंका बघितल्या असत्या तर काय झालं असतं? ती पुन्हा वीस वर्षं वाट बघत बसली असती. क्रिया नाही, सुटका नाही. मी म्हटलं, नको. तिच्या भल्याचं मी ठरवलं. तिला न विचारता.

ब्राउझरच्या मेनूत एक बटण असतं. काय काय उघडलं त्याची सगळी नोंद पुसून टाकणारं.

वायरी परत लावल्या. ते दाबलं.

बावीसच्या बावीस लिंका निळ्या झाल्या.

सकाळी दहाच्या एसटीने मावशी आली. पिशवीत माझ्यासाठी कोकमं आणि सांडगी मिरची. मी तिला खुर्ची दिली. तिने चष्मा लावला आणि एकेका लिंकवरून बोट फिरवत खालपर्यंत आली.

"सगळं निळंच हाय रे."

"नवीन आहे ना मावशी."

"कुणी वाचलंन नाय?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. काचेकडेच बघत होती. म्हणून मला खोटं बोलायला सोपं गेलं.

"नाही मावशी. कोणीच नाही."

तिने पदराने काच पुसली. काच स्वच्छच होती.

"बरं," ती म्हणाली. "मंग आता काय ऱ्हायलं." चहा करतो म्हटलं तर नको म्हणाली. परतीची गाडी किती वाजता आहे तेवढं विचारलं आणि गेली.

त्या दुपारी मी जेवायला घरी गेलो. वाटलं होतं, संपलं.

परत आलो तर…

२००४ जांभळी होती.

२०२० नाही. पुन्हा २००४.

 तेव्हा कुठे मला उमगलं मी काय केलं होतं ते. वाचणाऱ्याने सोळा वर्षं वाचून संपवली होती. पाच राहिली होती आणि शेवटची लिंक. रोज एक. बोटांवर मोजलं. मी ते बटण दाबलं नसतं तर 'लग्नाला कसं यायचं' ही लिंक लग्नाच्या तीन दिवस आधी उघडली गेली असती.

आता सगळं पहिल्यापासून. आणि लग्नाला उरले होते आठ दिवस.

मी काय काय करून बघितलं सांगू? शेवटची लिंक उचलून सगळ्यांत वर टाकली. दुसऱ्या दिवशी तिला हात न लावता २००५ जांभळी. वरच्या सरकत्या पट्टीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काका, लग्न मंगळवारी आहे. उरलेलं नंतर वाचा.' ती पट्टी दिवसभर सरकत होती. दुपारी टक्. २००६.

क्रम सोडायचे नाहीत. सांगितलं ना.

त्या आठ दिवसांत माझी झोप उडाली. मी रिकाम्या ऑफिसात मोठ्याने बोलायला लागलो. "काका, भराभर वाचा हो. पाया पडतो तुमच्या." कोणी ऐकलं असतं तर मला सरळ दवाखान्यात नेलं असतं.

लग्नाच्या दिवशी मी सकाळी सहाला ऑफिसात जाऊन मशिन सुरू करून ठेवलं आणि मग पूर्णगडला गेलो. मांडव छान घातला होता. जेवणं वेळेवर झाली. कन्यादान राजारामकाका-काकूंनी केलं. मावशी तेव्हा मांडवात नव्हती. ती गेटपाशी उभी होती, रस्त्याकडे तोंड करून. एसटी आली की पदर सावरायची. माणसं उतरायची. गाडी पुढे जायची.

शेवटी वेदिका तिथे जाऊन तिच्या गळ्यात पडली. दोघी खूप रडल्या. लोकांना वाटलं, सासरी जाताना रडतात तशाच.

रात्री परत आलो. २०१२ जांभळी झाली होती. वेदिका सातवीत.

अमावास्येला क्रिया झाली. खाडीच्या तोंडाशी दर्भाचा पुतळा केला, राजारामकाकांनी अग्नी दिला. मावशीचं मंगळसूत्र मी आयुष्यात पहिल्यांदा गळ्यात नाही, स्टीलच्या ताटलीत पाहिलं. मला तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ताटली समोर होती, माणसं समोर होती, आणि मी भित्रा आहे.

त्या दिवशी ऑफिसात २०२४ जांभळी झाली.

दुसऱ्या दिवशी, दोन वाजून बारा मिनिटांनी, मी समोर बसलेलो असताना…

टक्.

'लग्नाला कसं यायचं.'

हातखंबा, रत्नागिरी, भाट्ये, पावस, पूर्णगड. पान उघडलं आणि तसंच राहिलं. मी पाच वाजेपर्यंत बसलो. दुसरं टक् झालंच नाही.

साडेसातला मावशीचा फोन आला.

"सुजय, स्टॉपजवळ ती तेजल नाय का, नवी सून आलेय ती… तिची टपरी हाय बघ."

"हो मावशी."

"ती आत्ता घरी येऊन गेली. म्हणाली, संध्याकाळच्या गाडीतून एक बाप्या उतरला. हातात काय नाय. लग्नघर कुठचं, म्हणून विचारलंन. वेदिकाचं लगीन."



"ती म्हणाली, लगीन होऊन तेरा दिवस झाले, तुमी आता आलाव?  मंग त्याने विचारलंन, घरात आता कोण असतं? ती म्हणाली, तिची आई असते, कालच नवऱ्याचं कार्य केलंन तिने."

 फोनमधून मागच्या लाटांचा आवाज येत होता.

"मग?" मी विचारलं.

"मंग तो उभाच ऱ्हायला म्हणे. लय वेळ. आणि विचारलंन, परत जायला गाडी कदी हाय. ती वळून आत घड्याळ बघायला गेली. बाहेर आली तर कोण नाय."

"कोणी पाहुणा असेल मावशी. उशिरा कळलं असेल."

"व्हय. तसंच असंल."  "चाळिशीचा व्हता म्हणाली. हे आता बासष्टचे असते."

काका गेले तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते. हे तिला माहीत होतं आणि मलाही. 

मग तिने विचारलं. सरळ विचारलं.

"सुजय, तुझ्या त्या पानावर सगळं निळंच हाय ना रे अजून?"

मी समोर बघितलं. मागे जाऊन यादी उघडली. बावीसच्या बावीस जांभळ्या.

तिला खरं सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की ते येणार होते. वेळेवर येणार होते. आणि ती गेटपाशी उभी होती ते उगाच नव्हतं. मग काल ताटलीत काय काढून ठेवलं, ते कोणी परत आणून दिलं असतं?

"हो मावशी," मी म्हटलं. "निळंच आहे."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ते कोण होते, मला माहीत नाही. जिवंत होते की नव्हते, तेही माहीत नाही. तेजलला मी काकांचा फोटो दाखवलेला नाही. माझी हिंमत होत नाही. परत जाणारी गाडी त्यांना मिळाली का, आणि ती कुठे जाते, याचा विचार मी मुद्दाम करत नाही. तरी तो येतोच, जेवताना, गाडी चालवताना, कधीही.

ते मशिन मी बंद केलेलं नाही. पानावर तेविसावी लिंक टाकली आहे. 'काका, चूक माझी होती. मावशी घरीच आहे. या.'

आता आठ महिने झाले. मी दुपारी घरी जेवायला जात नाही. रोज दोन वाजता खुर्ची ओढून समोर बसतो.

अजून ती निळीच आहे.